बाबूजींच्या नावाचं सिम

गोंदियाला शिकायला निघाले त्या सकाळी बाबूजींनी माझ्या हातात नवा मोबाइल ठेवला. "सिम माया नावाचं हाय," ते म्हणाले. "ध्यानात ठेवजो."

सिम त्यांच्या नावाचं, यात मला काही वावगं वाटलं नाही. आमच्या गावात, कामठ्यात, बहुतेक पोरींची सिमं बापाच्या नाहीतर भावाच्या आधार कार्डावरच निघायची. माझा तो पहिला फोन. त्याच्या चकचकीत काचेपलीकडे मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

मी बी.एस्सी.ला प्रवेश घेतला होता. फुलचूरला, शहराच्या टोकाशी, एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर खोली मिळाली. जोडीला सालेकशाकडची एक मुलगी होती, माझ्याच वर्गातली. ती मोठ्याने हसायची आणि सहसा कशाला घाबरत नसे. पहिल्या आठवड्यातच आमचं इतकं जमलं की एकीचा स्कार्फ दुसरीच्या डोक्याला आणि दुसरीची वही पहिलीच्या पिशवीत.

बाबूजी रोज संध्याकाळी सात वाजता फोन करायचे. आम्ही पोवार, पण घरात पोवारीऐवजी इकडची झाडीबोलीच बोलायचो. फोनवर मात्र बाबूजी, का कोण जाणे, गावातल्या चार माणसांशी बोलावं तसे बोलत. जेवली का, अभ्यास झाला का, पाणी येते का नळाला. दोन मिनिटांत संपायचं. महिनाभर असंच चाललं.

मग एका संध्याकाळी ते म्हणाले, "आज कॉलेज लवकर सुटलं वाटते."

"हो, शेवटचा तास झाला नाही."

"मंग बजाराकडून कायले गेली? सरळ रस्ता नाई का घराकडे?"

खरं होतं. आम्ही दोघी बाजारातून बांगड्या बघत बघत आलो होतो. मला वाटलं, गावातलं कुणी बाजाराला आलं असेल, त्यानं पाहिलं आणि सांगितलं. कामठ्याची माणसं रोजच गोंदियाला येतात. मी विषय सोडून दिला.

चार दिवसांनी म्हणाले, "ओव्हरब्रिजपाशी लय वेळ उभी होती आज."

 आमची ऑटो चुकली म्हणून आम्ही खरंच तिथे थांबलो होतो.  मी ते सांगायच्या आतच त्यांनी विचारलं, "जेवली का?"

त्यानंतर हे होतच राहिलं. कधी दोन दिवसांनी, कधी आठवड्यानं. वर्गातली आम्ही पाच-सहा मुलं-मुली कॉलेजबाहेरच्या ठेल्यावर समोसे खायला बसलो, एक मुलगा माझ्या शेजारी बसला होता.  आता मात्र बोलणी बसणार, कदाचित कॉलेजही बंद होणार. सात वाजता फोन आला. बाबूजी म्हणाले, "त्याच्या ठेल्यावरचे समोसे खात नको जाऊ. तेल जुनं वापरते तो."

एवढंच. ते कधी रागावले नाहीत. कधी म्हणाले नाहीत की हे करू नको, तिकडे जाऊ नको. रागावले असते तर मी रडले असते, भांडले असते, मोकळी झाले असते. ते फक्त सांगायचे, की त्यांना माहीत आहे. आणि फोन ठेवल्यावर मला खोलीतल्या चार भिंतीही ओळखीच्या वाटायच्या नाहीत.

माझ्या मैत्रिणीनं निदान केलं. "सिम त्यांच्या नावाचं आहे ना? मग झालं तर. माझा मामेभाऊ सांगत होता, ज्याच्या नावानं सिम असतं त्याला सगळं दिसतं. तू कुठे बसली, कुठे उठली."

"सिममध्ये कसं दिसेल?"

"मला काय माहीत? चिप असते ना ती."

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारातल्या एका मोबाइल दुकानात गेलो. दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. गिऱ्हाईक कमी होईपर्यंत आम्ही कव्हरं बघत उभ्या राहिलो, मग मैत्रिणीनंच विचारलं, "भैया, सिम पापा के नाम पे हो, तो पापा को लोकेशन दिखता है क्या?"

त्यानं आम्हा दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. हसला नाही, हे मला अजून आठवतं. "सिम से बाप को कुछ नहीं दिखता, बेटा. सिम मतलब नंबर. कौन से टावर पे है ये कंपनी को पता रहता, और कंपनी वो पुलिस को देती, घरवालों को नहीं. पापा के नाम पे है तो पापा सिम बंद करा सकते, दूसरा निकाल सकते. बस."

"और मोबाइल से?"

"मोबाइल से दिखता है. पर वो चालू करना पड़ता. लाओ इधर."

त्यानं माझा फोन घेतला, सेटिंग उघडून बराच वेळ बोट फिरवलं, सगळी अ‍ॅपं तपासली. मग फोन परत देत म्हणाला, "इसमें कुछ नहीं है. किसी के साथ लोकेशन शेयर नहीं है. साफ है."

मी सुटले असं वाटायला हवं होतं. पण दुकानाच्या पायऱ्या उतरताना मी फोन पुन्हा पुन्हा उलटून पाहत होते. फोनमध्ये काही नसेल तर मग बाबूजींना दिसतं कशातून?

मैत्रीण म्हणाली, करून पाहू. शनिवारी मी फोन खोलीतच ठेवला, सिमसकट, उशीखाली. तिचा पिवळा कुर्ता घातला, तिचा स्कार्फ तोंडाला बांधला. आमच्याकडे उन्हाच्या नावाखाली सगळ्याच मुली डोळे सोडून सगळं झाकून घेतात, तशी. कॉलेजच्या रस्त्यानं न जाता मागच्या गल्लीतून निघाले आणि बाजारात भटकून आले. येताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. ती हातात घेऊन मी अर्धा रस्ता अनवाणी आले. घरी येऊन मैत्रिणीला हसत हसत सगळं सांगितलं.

सात वाजता फोन वाजला.

"चप्पल तुटली ना तुयी," बाबूजी म्हणाले. "दुसरी घेजो. अनवानी नको फिरू, काच रायते रस्त्यानं."

फोन स्पीकरवर होता. माझी मैत्रीण पोळी लाटत होती, तिचं लाटणं थांबलं.  फोन ठेवल्यावर ती हळूच म्हणाली, "सिमनं चप्पल दिसते का गं?"

त्या रात्री आम्ही खिडकीला चादर लावली.

त्यानंतरचे दोन-तीन आठवडे मला नीट आठवत नाहीत, म्हणजे दिवस आठवतात पण त्यांचा क्रम लागत नाही. मी सगळ्यांकडे संशयानं पाहायला लागले. घरमालकीण बाई दारात तांदूळ निवडत बसायच्या, त्या मला पाहून मान हलवायच्या, ते नेहमीचंच होतं. पण आता मला वाटायचं, या सांगतात. ऑटोवाला आरशात पाहायचा, तर वाटायचं हाच. लायब्ररीत मी खिडकीपासून लांब बसायला लागले. रस्त्यानं चालताना मागे वळून पाहण्याची सवय लागली, आणि मागे दर वेळी फक्त रस्ता असायचा, सायकली, गाई, शाळेची पोरं. मला चालताना स्वतःच्याच हालचाली बाहेरून दिसायच्या: आता ही डावीकडे वळली, आता ही थांबली. जणू मीच माझ्याबद्दल सात वाजता सांगणार होते.

बाबूजींना सरळ विचारायचं धाडस झालं नाही. काय विचारणार? तुम्हाला कसं दिसतं, हे विचारायचं म्हणजे त्यांना खरंच दिसतं हे मान्य करायचं.

मग दोन दिवस सुट्टी आली आणि मी घरी गेले. बाबूजी शेतावर होते. आईनं मला जवळ बसवलं, तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बारीक झाली गं तू. रोजचा डब्बा देऊन राहिली मी, त खात नाई का?"

"कोणता डब्बा?"

"कोनता म्हंजे? तुये बाबूजी घेऊन येते तो. परवाचे लाडू कडक झाले होते का? मले वाटलंच, पाक जास्त झाला मनून."

मी आईच्या तोंडाकडे पाहत राहिले. तिच्या चेहऱ्यावर काही लपवलेलं नव्हतं. तिला खरंच वाटत होतं की बाबूजी रोज सकाळच्या बसनं गोंदियाला येतात, मला भेटतात, डबा देतात, दुपारी परततात. दोन महिने ती पहाटे उठून माझ्यासाठी भाजी करत होती.

"नाई, चांगले होते लाडू," मी म्हणाले.

"मंग ठीक हाय. शेताकडं लक्ष नाई राह्यलं त्यायचं, पन म्या म्हटलं जाऊ द्या, पोरीचं तोंड पायलं का त्यायले बरं वाटते."

मी परसात जाऊन उभी राहिले.  मला तीन महिन्यांत बाबूजी एकदाही भेटले नव्हते. पहिल्या दिवशी खोलीवर सोडून गेले, त्यानंतर त्यांचा फक्त आवाज. संध्याकाळी ते शेतातून आले, हातपाय धुतले, माझ्याकडे पाहून हसले. आम्ही एका पंगतीत जेवलो. माझ्याकडे पाहताना त्यांची नजर माझ्या नव्या चपलांवर गेली आणि तिथे क्षणभर थांबली.

सोमवारी कॉलेजला जायचं नाही असं मी ठरवलं. आदल्या दिवशीच खोलीवर परतले होते. सकाळी मैत्रिणीचा आणखी एक कुर्ता, नवा स्कार्फ, घरमालकीण बाईंची जुनी छत्री असं घेऊन बसस्टँडवर गेले आणि फळांच्या गाड्यांआड उभी राहिले.

कामठ्याची बस आली. बाबूजी उतरले. पांढरा सदरा, खांद्यावर गमछा, हातात डब्याची पिशवी. ते अगदी नेमानं, कामावर जावं तसे चालायला लागले. मी मागे राहून त्यांच्या पाठोपाठ निघाले.

ते कॉलेजसमोर आले. झेरॉक्सच्या दुकानाशेजारी कडुनिंबाचं झाड आहे, त्याच्या बुंध्याला टेकून उभे राहिले. मी त्या झाडासमोरून रोज ये-जा केली होती, दिवसातून दोनदा, आणि मला ते कधी दिसले नव्हते. तिथे नेहमीच तीन-चार माणसं उभी असायची. कुणाचा तरी बाप असेल, असं मनात येऊन आपण पुढे जातो, तसाच तो माझा बाप होता.

मुली येत होत्या. बाबूजी प्रत्येकीकडे पाहत होते. चेहरा झाकलेल्या मुलींच्या चालीकडे, पायांकडे. माझी मैत्रीण एकटी आत गेली तेव्हा ते बुंध्यापासून सरळ झाले. घड्याळ पाहिलं. पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. तास सुरू झाल्याची घंटा झाली आणि रस्ता रिकामा झाला तरी ते तिथेच. मग निघाले, फुलचूरच्या दिशेनं, पहिल्यापेक्षा झपाझप. आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबून त्यांनी वर आमच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीला चादर होती. ते परत फिरले आणि माझ्यापासून चार हातांवरून गेले. मी छत्री खाली ओढली. त्यांनी मला ओळखलं नाही. इतके दिवस ओळखलं, आणि त्या दिवशी नाही. ते कुणालाच पाहत नव्हते.

तिथून ते रेल्वे स्टेशनवर गेले. मी वरच्या पुलावर, जाळीपाशी थांबले. प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला एक बाक आहे, तिथे ते जाऊन बसले. डबा उघडला, पाहिला, बंद केला. एक गाडी आली. ते उठून डब्यांच्या खिडक्यांजवळून चालत गेले, आत वाकून पाहत. गाडी गेली, ते परत येऊन बसले. दुसरी आली, पुन्हा उठले. एक फळवाली त्यांच्याशी काहीतरी बोलली, जुनी ओळख असल्यासारखी. त्यांनी मान हलवली.

मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला. माझ्या पिशवीत फोन थरथरला. दिवसा ते कधी फोन करत नसत.

"कुठी हायेस बाई?"

मला ते वरून दिसत होते. पन्नास-साठ पावलांवर, कानाला फोन, दुसऱ्या हातानं बाकाची कड धरलेली. त्यांचे ओठ हलायचे आणि आवाज माझ्या कानात यायचा, किंचित उशिरानं.

"कॉलेजात," मी म्हणाले.

खाली त्यांनी डोळे मिटले. "नाई," ते म्हणाले. "नाई हायेस तू कॉलेजात."

दोन महिने मी ज्या आवाजाला घाबरले होते त्यात मला त्या वेळी दुसरंच काहीतरी ऐकू आलं. तो आवाज कापत होता. मी फोन बंद न करताच पुलाच्या पायऱ्या उतरले, प्लॅटफॉर्मवरून चालत गेले आणि तोंडावरचा स्कार्फ सोडून त्यांच्या शेजारी बसले. त्यांचा फोन तसाच कानाला होता. मला पाहून त्यांनी तो खाली ठेवला, आणि माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

 मग मीच विचारलं, "बाबूजी, इथे कोणाची वाट पाहता?"

"मायी बहीन होती," ते म्हणाले. "तुयी आत्या."

मी तोवर समजत होते की बाबूजींना फक्त दोन भाऊ आहेत. घरात तिचा उच्चार कधी झाला नव्हता, ना सणाला ना भांडणात. ती बाबूजींपेक्षा तीन वर्षांनी लहान. शाळेत हुशार, म्हणून मास्तरीण करायचं ठरलं आणि बाबूजींनीच तिला गोंदियाला एका नातेवाइकाकडे आणून सोडलं. दर रविवारी ते भेटायला यायचे. एका रविवारी ती म्हणाली, पुढच्या रविवारी नक्की ये दादा, मला काहीतरी बोलायचं आहे. पुढच्या रविवारी भाताची रोवणी चालू होती, मजूर मिळत नव्हते, बाबूजी गेले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी गेले तर ती नव्हती. गावातल्या एकानं तिला त्या मधल्या आठवड्यात स्टेशनवर पाहिलं होतं, एकटी, कापडी पिशवी मांडीवर घेऊन. तेव्हा छोटी लाईन, म्हणजे अरुंद रुळांचा मार्ग होता; त्यावरची गाडी या टोकाला लागायची.

"पोलिसांत गेलात का?"

"बापानं जाऊ नाई देल्लं. पोरीचं नाव खराब होते म्हने. गावात सांगतलं का मामाकडं हाय. मंग कोनी इचारनं सोडून देल्लं." ते रुळांकडे पाहत होते. "काय बोलाचं होतं तिले, ते नाई समजलं मले. आजून नाई समजलं."

मी सिमचं विचारलं. ते ओशाळले.

"गावात एक जन म्हने, सिम आपल्या नावाचं घ्या, पोरगी कुठी हाय ते आपल्याले दिसते. मनून घेतलं. महिनाभर पाहून राहिलो फोनमंदी, काईच दिसे नाई. कोनाले इचारू? हसतील लोक. मंग म्हटलं, आपले डोळे हायेत ना. तू जाशीन तिकडं मागं मागं येत होतो, तोंड बांधलं तरी चाल वळखू येते."

"मग समोर का नाही आले? मी किती घाबरले, बाबूजी."

"तुले त्रास होईन म्हटलं. पोरींसमोर बाप रोज उभा राह्यला त हसतील तुले." थोडं थांबून म्हणाले, "फोनवर सांगत होतो ना मी. मी हाव इथी, असं तुले समजाव म्हून सांगत होतो."

मला धीर वाटावा म्हणून त्यांनी ते सगळं सांगितलं होतं. मला हसावं की रडावं कळेना. आम्ही डबा उघडला. भाकरी, वांग्याची भाजी. दोघांनी मिळून संपवला, आणि मी त्यांना बसमध्ये बसवून दिलं.

त्यावर उपाय मीच काढला. पुढच्या खेपेला बाबूजींना घेऊन त्याच मोबाइल दुकानदाराकडे गेले आणि त्यानं नकाशाच्या अ‍ॅपमध्ये माझं लोकेशन बाबूजींच्या फोनवर चालू करून दिलं. नकाशावर मी एक लाल टिकली. बाबूजींनी ती टिकली पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, पुन्हा टिकलीकडे. "हे तू?" "हो." त्यांचं येणं बंद झालं. ते शेतात रमले. आईला मी सारं सांगितलं नाही, कॉलेजात खानावळ सुरू झाली एवढंच सांगितलं. मला वाटलं, सुटलो आम्ही सगळे.

हिवाळ्यात कॉलेजची सहल बोदलकसाला निघाली, पाणपक्षी पाहायला. मी आदल्या दिवशी बाबूजींना सांगितलं होतं. तलावावर पोचलो तेव्हा धुकं उठत होतं. पाणी इतकं स्थिर की पलीकडची झाडं उलटी उभी दिसत होती. सरांनी आम्हाला पाळीवर, तलावाच्या बांधावर, ओळीनं बसवलं, दुर्बीण हातोहात फिरत होती. फोनला नेटवर्क नव्हतं, कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

दुपार कलायच्या सुमाराला दोन मासेमार डोंग्यातून काठाला आले आणि सरांना म्हणाले, "तिकडं एक मानूस पान्यात चालून राह्यला. आमी आवाज देल्ला, त आयकत नाई. हातात मोबाइल वर धरून हाय."

सरांनी दुर्बीण तिकडे फिरवली. मग ती मला दिली. का दिली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. काचेत आधी नुसतं पाणी दिसलं. मग छातीपर्यंत बुडालेला पांढरा सदरा, आणि डोक्यावर उंच धरलेला हात. तो माणूस सावकाश, एकेक पाऊल चाचपत, तलावाच्या मध्याकडे चालला होता. त्याची नजर वर, हातातल्या पडद्यावर होती.

मी काठाकाठानं धावले. ठेचकाळले, उठले, पुन्हा धावले. डोंगा माझ्या आधी निघाला होता.

"बाबूजी!"

ते थांबले. वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान वर करून फोनकडे पाहिलं, आणि पुन्हा माझ्याकडे. त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता. मी त्यांचा तो चेहरा आधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

"तू इथी हायेस," ते म्हणाले, "त मंग ते कोन हाय?"

पाण्यात उभं राहून त्यांनी ते विचारलं, मोठ्यानं, खरोखरचं उत्तर हवं असल्यासारखं. मासेमारांनी काखेत हात घालून त्यांना डोंग्यात ओढलं तेव्हाही ते मागे वळून तलावाच्या मध्याकडे पाहत होते. आणि खरं सांगते, मीही पाहिलं. तिथे काही नव्हतं, नुसतं पाणी होतं.

काठावर मी त्यांचा फोन पुसला. पडद्यावर लाल टिकली अजून निळ्या पाण्याच्या मधोमध होती. नेटवर्क जाताना फोननं अंदाजानं एक जागा धरली आणि ती तशीच राहिली, असं सरांनी त्यांना समजावलं. बाबूजी ऐकत होते, दातांवर दात वाजत होते. सकाळपासून ती टिकली पाण्यात दिसत होती. माझा फोन लागत नव्हता. शेजाऱ्याची मोटारसायकल घेऊन ते एकटे आले, पलीकडच्या गावातून काठावर उतरले, आणि टिकली दिसत होती त्या दिशेनं सरळ चालत गेले. त्यांना पोहता येत नाही.

"काढून टाक ते," फोन माझ्या हातात असतानाच ते म्हणाले. "नाई पायजे मले. दिसत नव्हतं तेच बरं होतं."

मी काढून टाकलं.

मासेमारांच्या झोपडीत त्यांना कोरडं धोतर मिळालं आणि काळा चहा. संध्याकाळी मी सहलीच्या गाडीनं न परतता त्यांच्याबरोबर कामठ्याला गेले. मोटारसायकल सरांच्या ओळखीच्या एकानं चालवली, मागोमाग आम्ही बसनं. आईनं ओल्या कपड्यांचं गाठोडं सोडलं तर खिशातून शेवाळ निघालं. ती येऊन बाबूजींसमोर बसली. मग बाबूजींनी सगळं सांगितलं, रोजचं येणं, डबा, स्टेशन, आत्या. आईला आत्याचं माहीत होतं. लग्न होऊन आली त्याच वर्षी तिला बजावलं होतं की हा विषय काढायचा नाही, आणि तिनं तो पंचवीस वर्षं काढला नव्हता. ती उठली, आतल्या खोलीतल्या पेटीच्या तळातून एक फोटो घेऊन आली. शाळेतल्या ओळखपत्राचा असावा, नखाएवढा. दोन वेण्या, कपाळ मोठं. माझ्यासारखी अजिबात दिसत नव्हती. का कुणास ठाऊक, मला त्याचं फार बरं वाटलं.

बाबूजींनी तो गोंदियाहून मोठा करून आणला. फ्रेम करणाऱ्यानं विचारलं, हार लावायचा का, लाकडी मिळतात, टिकतात. ते नाही म्हणाले. फोटो पुढच्या खोलीत लागला, सगळ्यांना दिसेल असा. आता घरी कुणी आलं की विचारतात, ही कोण? बाबूजी सांगतात, मायी बहीन. मग येणारा विचारतो, कुठी रायते? आधी असा प्रश्न आला असता तर घरात सगळे गप्प झाले असते.

"मालूम नाई," बाबूजी म्हणतात, आणि आईला चहा ठेवायला सांगतात.